मास्टर्स जलतरण आणि डोपिंग: औषधांच्या डब्यापासून नमुन्याच्या बाटलीपर्यंत

पन्नाशी-साठीतल्या जलतरणपटूंसमोर डोपिंगचा विषय काढला की उत्तर ठरलेलं असतं: "आपण काय ऑलिंपिकला चाललोय?" आणि त्याच माणसाच्या पोहण्याच्या पिशवीत बीपीची गोळी असते, दम्याचा पंप असतो, आणि खांदा आखडला म्हणून मागच्याच आठवड्यात त्याने सांध्यात इंजेक्शन घेतलेलं असतं. या तिन्ही गोष्टी प्रतिबंधित यादीशी कुठे ना कुठे जोडलेल्या आहेत. त्याला ते कुणी सांगितलेलंच नसतं.

मास्टर्स गटात, म्हणजे जागतिक स्तरावर पंचवीस वर्षांपुढच्या आणि पाच-पाच वर्षांच्या टप्प्यांत विभागलेल्या गटात, मुद्दाम उत्तेजक घेणारे लोक असतातच. त्यांच्याविषयी पुढे स्पष्टच लिहिलं आहे. पण चुकून अडकण्याचा धोका त्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक लोकांना असतो, कारण या वयात नेहमीची औषधं सुरू झालेली असतात. म्हणून सुरुवात घरातल्या औषधांच्या डब्यापासून.

आधी एक गोष्ट पक्की: स्पर्धेसाठी औषध बंद करायचं नाही

पुढे बरीच औषधं यादीत दिसतील. ते वाचून कुणी स्पर्धेच्या आठवड्यात बीपीची गोळी सोडली, इन्सुलिन कमी केलं किंवा पंप घरी ठेवला, तर या लेखाने नुकसानच केलं असं होईल. दम्याच्या माणसाने पंपाशिवाय चारशे मीटर पोहणं जिवावर बेतू शकतं. औषध बदलायचं की नाही हे फक्त तुमचे डॉक्टर ठरवतील. पर्याय असेल तर ते बदलतील, नसेल तर सवलतीचा, म्हणजे उपचारासाठी बंद औषध वापरण्याच्या परवानगीचा, अर्ज करता येतो, आणि तोही जमला नाही तर ती स्पर्धा सोडायची. पदक पुढच्या वर्षीही मिळेल.

पायरी १: तुमची स्पर्धा कोणत्या नियमांखाली येते ते शोधा

जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजे वाडा, १९९९ मध्ये स्थापन झाली. तिची संहिता २००४ पासून लागू आहे. वर्ल्ड अॅक्वाटिक्स (जलतरणाची जागतिक संघटना, पूर्वीची फिना) ही संहिता पाळते, आणि तिच्याशी संलग्न राष्ट्रीय संघटनांच्या स्पर्धाही बहुधा त्याच छत्राखाली येतात. प्रवेशअर्जावर सही करताना बारीक अक्षरांत "मी उत्तेजकविरोधी नियम मान्य करतो" असं वाक्य असू शकतं. ते शोधा. सापडलं तर तुम्ही बांधले गेलात, मग चाचणी कधी होवो वा न होवो. मास्टर्स स्पर्धांत चाचणी क्वचितच होते हे खरं आहे, पण चाचणी होत नाही म्हणून नियम लागू नाही असा अर्थ होत नाही.

दुसरा प्रश्न तुमच्या दर्जाचा. २०२१ च्या संहितेत 'हौशी खेळाडू' असा वेगळा वर्ग आला. त्यात कोण बसेल ते प्रत्येक देशाची उत्तेजकविरोधी संस्था ठरवते. मात्र गेल्या पाच वर्षांत जो आंतरराष्ट्रीय वा राष्ट्रीय दर्जाचा खेळाडू होता, किंवा खुल्या गटात देशाकडून खेळला, तो यात बसत नाही. म्हणजे नुकताच निवृत्त होऊन मास्टर्समध्ये आलेला माजी राष्ट्रीय जलतरणपटू आणि चाळिशीत पोहणं शिकलेली व्यक्ती एकाच हीटमध्ये असतील, पण नियमांच्या दृष्टीने त्यांची जागा वेगळी. राष्ट्रीय संस्थेला एक ईमेल पाठवून आपला दर्जा लेखी विचारून घ्या. या एका उत्तरावर पुढचं बरंच काही अवलंबून आहे.

पायरी २: औषधांचा डबा टेबलावर ओता

अगदी शब्दशः. रोजच्या गोळ्या, लागेल तेव्हाच्या गोळ्या, सर्दीचं सरबत, मलम, डोळ्यांतले थेंब, प्रोटीनचा डबा, व्यायामाआधी घ्यायची पावडर, सगळं. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा सात गोष्टी असतील असं वाटलं होतं, निघाल्या सोळा. प्रत्येकीवरचं व्यापारी नाव बाजूला ठेवा आणि आतल्या घटकांची नावं कागदावर लिहा. नावात किंचित फरक असलेल्या दोन गोळ्यांत घटक पूर्ण वेगळे असू शकतात. एकच व्यापारी नाव दोन देशांत वेगळ्या औषधाचं असतं, हेही प्रवासात लक्षात ठेवा.

मग प्रत्येक घटक वाडाच्या त्या वर्षीच्या प्रतिबंधित यादीत शोधा. यादी दरवर्षी १ जानेवारीला नवी लागू होते आणि ती काही महिने आधीच जाहीर होते. काही देशांत औषध तपासायची सोय संकेतस्थळावर असते. ग्लोबल डीआरओ हे त्यातलं माहितीचं नाव, पण ते ठरावीक देशांतल्या औषधांपुरतंच आहे. तुमच्या देशाची स्वतंत्र सोय असेल तर ती वापरा. शोधलेल्या पानाचा तारखेसह फोटो काढून ठेवा.

पायरी ३: या वयातली नेहमीची औषधं, एकेक करून

इथे सावकाश वाचा.

रक्तदाब. अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, लोसार्टन यादीत नाहीत. बीटा ब्लॉकर नेमबाजी, तिरंदाजीसारख्या खेळांत बंद आहेत, तलावातल्या पोहण्यात नाहीत. खरी अडचण लघवी वाढवणाऱ्या औषधांची: हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोर्थॅलिडोन, इंडापामाइड, फ्युरोसेमाइड, स्पायरोनोलॅक्टोन. ही सगळी कायम बंद आहेत, स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही. लघवी पातळ करून दुसरं द्रव्य लपवता येतं, हे त्याचं कारण. आणि बीपीच्या संयुक्त गोळीत हेच औषध दडलेलं असतं. साध्या गोळीच्या नावापुढे एखादं 'एच' किंवा 'प्लस' लागलं की आत हायड्रोक्लोरोथायझाइड आहे का ते बघा. अनेक वर्षं तीच गोळी घेणाऱ्यालाही हे ठाऊक नसतं.

दमा. तलावातल्या पाण्यावर क्लोरीनपासून तयार होणारे वायू साचतात आणि पोहणारा नेमका तिथेच श्वास घेतो, म्हणून पोहणाऱ्यांत श्वासनलिका आकसण्याचा त्रास बराच दिसतो. साल्ब्युटामॉलचा पंप चोवीस तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंत, आणि कुठल्याही आठ तासांत ६०० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतो. फॉर्मोटेरॉल, साल्मेटेरॉल, व्हिलान्टेरॉल यांनाही ठरावीक मर्यादेत पंपाने परवानगी आहे. टर्ब्युटालिनला नाही, त्यासाठी सवलत लागते. साल्ब्युटामॉलची गोळी किंवा सरबतही चालत नाही. पंपातून स्टिरॉइड ओढायला मुभा आहे.

आता सगळ्यात निसटणारी गोष्ट. पंप मर्यादेत घेतला तर चालतो. पण त्याच नमुन्यात लघवी वाढवणारं औषध सापडलं, तर साल्ब्युटामॉलचा थोडासा अंशही दोष ठरतो, दोन्हींची सवलत नसेल तर. दमा आणि रक्तदाब एकत्र असणारी माणसं मास्टर्समध्ये थोडीथोडकी नाहीत. तुम्ही त्यांतले असाल तर इथे थांबा आणि डॉक्टरांची वेळ घ्या.

खांदा. पोहणाऱ्याचा खांदा दुखतोच. कॉर्टिसोन जातीची औषधं गोळी किंवा कुठल्याही इंजेक्शनच्या रूपात स्पर्धाकाळात बंद आहेत (स्पर्धाकाळ कधी सुरू होतो ते पायरी ७ मध्ये आहे). २०२२ पासून सांध्यातलं इंजेक्शनही त्यात आलं. मलम, नाकातला फवारा, डोळ्यांतले थेंब चालतात. औषध शरीरातून निघून जायला वेळ लागतो. मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रेडनिसोलोनची गोळी निदान तीन दिवस आधी थांबलेली हवी, ट्रायामसिनोलोन सांध्यात घेतलं तर दहा दिवस, स्नायूत घेतलं तर साठ दिवस. म्हणून इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांना औषधाचं नाव, मात्रा आणि कुठे दिलं ते चिठ्ठीवर लिहायला सांगा. "खांद्यात स्टिरॉइड दिलं" एवढ्याने पुढे काहीच सिद्ध होत नाही. दुखण्यावरचं ट्रामाडॉल १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धाकाळात बंद आहे. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन चालतात.

मधुमेह. इन्सुलिन कायम बंद, सवलत घ्यावी लागते. मेटफॉर्मिन यादीत नाही.

हृदय. अंजायनासाठी दिलं जाणारं ट्रायमेटाझिडिन कायम बंद आहे. चीनच्या सुन यांगला २०१४ मध्ये याच औषधामुळे तीन महिन्यांची बंदी झाली होती. अॅस्पिरिन आणि स्टॅटिन मोकळी आहेत.

स्तनाच्या कर्करोगानंतर वर्षानुवर्षं घ्यायची टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोल, अॅनास्ट्रोझोल ही औषधं यादीत आहेत, हे कळल्यावर अनेक जणींना धक्का बसतो. उपचार पूर्ण करून पाण्यात परतलेल्या स्त्रीने यासाठी अपराधी वाटून घ्यायचं काहीच कारण नाही. सवलतीची व्यवस्था अशाच लोकांसाठी आहे. रजोनिवृत्तीनंतरची इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनची औषधं चालतात; टिबोलोन, डीएचईए आणि टेस्टोस्टेरॉन चालत नाही.

सर्दी. स्युडोएफेड्रिन लघवीत १५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर गेलं तर दोष. स्पर्धेच्या निदान चोवीस तास आधी बंद करा. थायरॉइडची गोळी आणि कॉफी यांची चिंता नको.

सलाइन. स्पर्धेनंतर थकवा घालवायला सलाइन लावून घेण्याची पद्धत पसरली आहे. बारा तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव शिरेतून घेणं बंद आहे, मग त्यात साधं मीठपाणी का असेना. रुग्णालयातले उपचार, शस्त्रक्रिया किंवा तपासणीचा भाग असेल तरच मुभा.

यादी दोन्ही दिशांनी बदलते. केस गळणं आणि प्रोस्टेट यांसाठी दिलं जाणारं फिनास्टराइड काही वर्षं बंद होतं, २००९ मध्ये काढलं गेलं. दहा वर्षांपूर्वी प्रशिक्षकाने सांगितलेल्या माहितीवर विसंबू नका.

पायरी ४: 'वय झालं म्हणून' टेस्टोस्टेरॉन

यावर थोडं थांबायला हवं, कारण मास्टर्स खेळातलं खरं डोपिंग बहुतेक या वाटेने येतं. थकवा वाटतो, वेळ मंदावते, कुणीतरी रक्त तपासतं, आकडा खालच्या बाजूला येतो, आणि मग जेल किंवा इंजेक्शन सुरू होतं. घेणाऱ्याला आपण फसवतोय असं वाटतही नाही, कारण चिठ्ठी डॉक्टरांची असते.

नियम इथे ठाम आहे. अंडग्रंथी किंवा पिट्युटरीच्या खऱ्या आजारामुळे टेस्टोस्टेरॉन तयारच होत नसेल तर पुरुषाला सवलत मिळू शकते. वाढतं वय, वजन, ताण किंवा अतिसराव यांमुळे आकडा घसरला असेल तर मिळत नाही. पूर्वी स्टिरॉइड घेतल्याने शरीराची निर्मिती थांबली असेल, तरीही नाही.

मला हे योग्य वाटतं. वयोगटाची सगळी कल्पनाच यावर उभी आहे की शेजारच्या लेनमधल्या माणसाचंही शरीर तुमच्याइतकंच जुनं झालंय. बाहेरून टेस्टोस्टेरॉन भरून घेणारा पासष्ट वर्षांचा माणूस पासष्टीच्या गटात पोहत नसतो. त्याच्यामागे जो चौथा आला, तो वर्षभर पहाटे उठून तलावावर आलेला असतो. आणि शरीराचा हिशेबही आहे: बाहेरून दिलेल्या टेस्टोस्टेरॉनने तांबड्या पेशी वाढून रक्त घट्ट होऊ शकतं, शुक्राणू कमी होतात. उपचार म्हणून हे तुम्हाला खरंच हवं असेल, तर जरूर घ्या, पोहत राहा, फक्त स्पर्धेच्या यादीत नाव देऊ नका. तलाव कुणी काढून घेत नाही.

पायरी ५: सवलतीचा अर्ज

याला टीयूई म्हणतात, म्हणजे उपचारासाठी बंद औषध वापरण्याची परवानगी. चार गोष्टी दाखवाव्या लागतात: आजाराचं निदान कागदोपत्री आहे, औषधाने तब्येत नेहमीच्या पातळीला येते पण त्यापुढे फायदा होत नाही, तेच औषध योग्य आहे आणि चालणारा दुसरा पर्याय नाही, आणि ही गरज आधीच्या गैरवापरातून आलेली नाही. बीपीच्या बाबतीत तिसरी अट जड जाते, कारण लघवी न वाढवणाऱ्या गोळ्या बऱ्याच आहेत. म्हणून आधी औषध बदलता येईल का ते विचारणं शहाणपणाचं.

स्पर्धेच्या निदान तीस दिवस आधी अर्ज करा. पूर्ण अर्ज पोचल्यापासून एकवीस दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. 'पूर्ण' हा शब्द महत्त्वाचा, कारण नुसती डॉक्टरांची चिठ्ठी जोडलेले अर्ज परत येतात. दम्यासाठी स्पायरोमेट्रीचे, म्हणजे फुंकून श्वासाची क्षमता मोजणाऱ्या तपासणीचे, आकडे लागतात, मधुमेहासाठी रक्ताचे अहवाल, कर्करोगासाठी शस्त्रक्रियेचे कागद.

जो आंतरराष्ट्रीय किंवा राष्ट्रीय दर्जाचा नाही, अशा खेळाडूचा नमुना घेतला गेला आणि तो उपचारासाठी औषध घेत असेल, तर त्याला नंतर अर्ज करण्याची संधी द्यावीच लागते. पायरी १ मधली ईमेल इथे उपयोगी पडते. पण नंतरचा अर्जही त्याच चार अटींवर तपासला जातो, म्हणून कागद आधीच जमवून ठेवा.

पायरी ६: पावडरी आणि कॅप्सूल

जलतरणातलीच तीन उदाहरणं पुरेशी आहेत. २००८ मध्ये अमेरिकेच्या जेसिका हार्डीच्या नमुन्यात क्लेनब्युटेरॉल आलं. दूषित पूरक आहाराचं तिचं म्हणणं मानलं गेलं, तरी बीजिंग ऑलिंपिक हुकलं आणि एक वर्षाची बंदी भोगावी लागली. २०११ मध्ये ब्राझीलच्या सेझार सिएलोच्या नमुन्यात फ्युरोसेमाइड सापडलं. ते औषधांच्या दुकानात बनवून घेतलेल्या कॅफिनच्या कॅप्सूलमधून आलं होतं. तो ताकिदीवर सुटला. २०१८ मध्ये मॅडिसिन कॉक्सवर ट्रायमेटाझिडिनमुळे दोन वर्षांची बंदी आली. तिच्या साध्या मल्टिव्हिटॅमिनच्या बंद बाटलीत तेच द्रव्य सापडलं आणि शिक्षा सहा महिन्यांवर आली.

कॉक्सच्या गोष्टीत कामाचा धडा आहे: जे काही पूरक घ्याल त्याचा बॅच क्रमांक लिहा, पावती ठेवा, आणि जमल्यास त्याच बॅचचा एक न उघडलेला डबा जपा. डब्यावर एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट किंवा इन्फॉर्म्ड स्पोर्टची खूण असेल तर धोका घटतो, शून्य होत नाही. चरबी जाळणारी, पुरुषत्व वाढवणारी आणि व्यायामाआधी 'धक्का' देणारी पावडर सरळ टाळा. भेसळ तिथेच जास्त सापडते. क्रिएटिन आणि खाण्याचा सोडा यादीत नाहीत.

पायरी ७: चाचणीला बोलावलं तर

शर्यत संपवून भिंतीला हात लावला, वर आलात, आणि ओळखपत्र घातलेली एक व्यक्ती पुढे आली. तिचं ओळखपत्र बघा, कागदावर सही करा. या क्षणापासून नमुना देईपर्यंत तुम्ही तिच्या नजरेआड जायचं नाही, कपडे बदलायलाही नाही. नकार देणं किंवा निघून जाणं हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याची शिक्षा चार वर्षांपर्यंत आहे. घाबरून पळालेल्या निर्दोष माणसाचीही यात सुटका नसते.

तुमचे हक्कही आहेत. सोबत एक माणूस आणि दुभाषी नेता येतो. कूलडाउन करायचंय, पदकसमारंभ आहे, अजून एक शर्यत आहे किंवा उपचार हवाय, तर देखरेखीखाली थोडा वेळ मागता येतो.

नमुना देताना तुमच्याच लिंगाची व्यक्ती समोरून पाहत असते. घट्ट रेसिंग सूट गुडघ्यापर्यंत उतरवावा लागतो. संकोच वाटणारच, आधी माहीत असलं की तो निम्म्याने कमी होतो. भांडं आणि बाटल्यांचा संच तुम्ही निवडायचा, सील तपासायचं. निदान ९० मिलिलिटर लघवी लागते. कमी पडली तर ती सील करून ठेवतात आणि तुम्ही थांबता. प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना हे अवघड जातं, तर तसं अधिकाऱ्याला स्पष्ट सांगा. भसाभस पाणी पिऊ नका. लघवी फार पातळ झाली की पुन्हा नमुना द्यावा लागतो आणि दोन तास वाढतात.

नमुना ए आणि बी बाटल्यांत तुम्हीच ओतता, तुम्हीच सील करता. मग फॉर्मवर गेल्या सात दिवसांतली सगळी औषधं आणि पूरकं लिहायची. इथे पायरी २ चा कागद काढा. काही गैर वाटलं, सील सैल दिसलं, क्रमांक जुळला नाही, तर ते शेरा म्हणून तिथेच लिहा. प्रत घरी आणून जपून ठेवा. नमुना दहा वर्षांपर्यंत साठवून पुन्हा तपासता येतो.

'स्पर्धाकाळ' साधारणपणे स्पर्धेच्या आदल्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी सुरू होतो, हे लक्षात ठेवून औषधांच्या वेळा बघा.

पायरी ८: पत्र आलं तर

पहिली गोष्ट, क्लबच्या ग्रुपवर काही लिहू नका. पत्रातल्या मुदती वहीत उतरवा, विशेषतः बी नमुना तपासून घ्यायची मुदत. ती चुकली की तो हक्क गेला असं धरतात. खेळाच्या नियमांची माहिती असलेला वकील शोधा, आणि सवलत मागण्याजोगं औषध असेल तर अर्ज लगेच करा.

शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची, हे मूळ तत्त्व आहे. पण २०२१ च्या संहितेने हौशी खेळाडूला थोडा श्वास दिला. मोठी चूक नव्हती हे पटवताना द्रव्य शरीरात नेमकं कसं आलं ते सिद्ध करण्याची सक्ती त्याच्यावर नाही, ते पटलं तर शिक्षा नुसत्या ताकिदीपासून दोन वर्षांपर्यंत असू शकते, आणि नाव जाहीर करणं बंधनकारक नाही. मुद्दाम स्टिरॉइड घेणाऱ्याला मात्र चार वर्षं. बंदी म्हणजे फक्त शर्यती बंद असं नाही. संलग्न क्लबबरोबरचा सरावही बंद होतो, आणि तुम्ही तिथे लहान मुलांना शिकवत असाल तर तेही.

क्लबसाठी दोन शब्द

आपली गोळी दुसऱ्याला देऊ नका. शेजारच्या लेनमधल्याला खांदेदुखीवर ट्रामाडॉल देणं चांगुलपणातून घडतं, पण देणाऱ्यावरही दोष येऊ शकतो. प्रशिक्षकाने प्रथमोपचाराच्या पेटीत काय आहे ते दर जानेवारीत नव्या यादीशी ताडून पाहावं. आणि नव्या सभासदाला प्रवेशअर्ज देताना पायरी २ चा कोरा कागदही हातात द्या: घटकाचं नाव, मात्रा, कुणी दिलं, कधीपासून, तपासल्याची तारीख. पाच रकाने, एक पान, पोहण्याच्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात.